दोन्ही भाषांत बरोबर

गडहिंग्लजचं डायलिसिस केंद्र बंद पडल्याचं नीलांबिका हत्तरगीला कळलं तेव्हा ती पुण्यात, ऑफिसच्या जिन्यात उभी होती. फोन महादेवी वहिनींचा होता.

"वन्सं, मशीनच सुरू होईना झालंय. पडद्यावर एकच ओळ येतीया, 'भाषा सांगता येत नाही'. केंद्रातली रेश्मा म्हणती, वरनं हुकूम आहे, हात लावायचा न्हाई. आता तुमच्या अण्णास्नी आठवड्यातनं तीनदा कोल्हापूरला न्यायचं म्हणजे कसं हो?"

नीला कठड्याला टेकली. पडद्यावरची ती ओळ तिनंच लिहिली होती.

काही वर्षांपूर्वी कुणीतरी बाहेरून देशभरातल्या इस्पितळांच्या यंत्रांत शिरलं होतं आणि एका सकाळी शेकडो व्हेंटिलेटर एकाच वेळी थांबले होते. त्यानंतर कायदा आला. माणसाच्या शरीराला जोडल्या जाणाऱ्या प्रत्येक यंत्राच्या सूचना यापुढे एकाच, तपासून घेतलेल्या, सुरक्षित संगणकभाषेत असायला हव्यात. नव्या यंत्रांचं काही अडलं नाही. अडलं ते जुन्यांचं. त्यांच्या पोटात वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या इंजिनिअरांनी घातलेले सूत्रांचे छोटे छोटे तुकडे होते. कुठे दोन ओळी, कुठे पाच. ज्यांनी ते लिहिले त्या कंपन्या बुडाल्या होत्या, माणसं पांगली होती, काही वारली होती. तुकडा कोणत्या भाषेतला, हे सांगणारी एक खूणही उरली नव्हती.

म्हणून 'पारख' तयार झाली. नीलाच्या हाताखालच्या माणसांनी ती पाच वर्षं खपून घडवली होती. पारखेनं निरनिराळ्या संगणकभाषांतल्या कोट्यवधी ओळी वाचलेल्या होत्या. कंस कुठले, ओळीच्या शेवटी अर्धविराम आहे का, कुठला शब्द कशाच्या शेजारी बसतो, अशा शेकडो लकबींवरून ती भाषा ओळखायची. मग दुसरी प्रणाली त्या तुकड्याचं सुरक्षित भाषेत भाषांतर करायची. पानभर मजकूर दिला तर पारख जवळजवळ चुकतच नसे. दोन ओळी दिल्या की मात्र ती अडखळायची, आणि तेव्हा नीलानं तिला एक उत्तर शिकवून ठेवलं होतं: सांगता येत नाही.

याच उत्तरावरून ईशानी मेहेंदळेशी, म्हणजे तिच्या वरिष्ठ बाईंशी, तिचं कित्येक महिने वाजत होतं.

"तीनातला एक तुकडा परत येतोय, नीला," ईशानी म्हणायची. "इस्पितळांचे फोन घेऊन घेऊन माझे कान किटले. आणखी शिकव ना तिला."

"शिकवून होणार नाही. उत्तर त्या तुकड्यातच नाहीये." मग नीलानं तिला घरचंच उदाहरण दिलं होतं. गडहिंग्लजला त्यांच्या घरात निम्मं मराठी, निम्मं कानडी. अण्णा तिला लाडानं 'तंगी' म्हणायचा. कानडीत तंगी म्हणजे धाकटी बहीण. "आता मी कागदाच्या चिठोऱ्यावर नुसतं 'तंगी' लिहून तुझ्या हातात दिलं, तर बहीण म्हणायचंय की चणचण, हे तू कसं ओळखशील? जगातले सगळे शब्दकोश पाठ केलेस तरी नाही ओळखता येणार. ज्यानं लिहिलं त्यालाच विचारावं लागेल. या तुकड्यांचं तसंच आहे. तीच अक्षरं दोन भाषांत बिनचूक बसतात आणि दोन्हीकडे अर्थ निराळा."

"मग जास्त शक्यता असेल ते उत्तर दे. अंदाज तरी सांग."

"ज्या भाषा तिनं जास्त पाहिल्यात त्यांच्याकडेच तिचा अंदाज झुकणार. या जुन्या यंत्रांच्या भाषा तिनं जवळजवळ पाहिलेल्याच नाहीत."

इतके दिवस नीला इथे अडून बसायची आणि ईशानी नाइलाजानं विषय सोडायची. त्या दिवशी जिन्यातून वर येऊन नीला बैठकीत बसली, तेव्हा तिच्या कानात वहिनींचा आवाज होता. कोल्हापूरचा रस्ता तिच्या ओळखीचा होता. डायलिसिस झाल्यावर माणूस पिळून काढलेल्या फडक्यासारखा होतो, आणि तसल्या माणसाला एसटीत दोन तास बसवायचं.

आईवडील गेल्यावर अण्णानं, म्हणजे मल्लिकार्जुन हत्तरगीनं, तिला वाढवलं होतं. लग्नाच्या वरातींत क्लॅरिनेट वाजवून त्यानं तिचं शिक्षण केलं, आणि ती पुण्याला निघाली तेव्हा स्टँडवर सगळा बँड घेऊन आला होता. ती लाजेनं अर्धमेली झाली होती.

"नीला, तुझं म्हणणं?" ईशानीनं विचारलं.

"काढून टाकू या," नीला म्हणाली.

"काय?"

"'सांगता येत नाही'. ज्याची शक्यता जास्त असेल ते उत्तर द्यायचं."

खोलीतल्या कुणालाच ते खरं वाटलं नाही. ईशानीनं मात्र पुन्हा विचारलं नाही.

*

केंद्र आठवड्याच्या आत सुरू झालं. यंत्राच्या पडद्यावर हिरवी खूण उमटल्याचा फोटो वहिनींनी पाठवला, खाली हात जोडल्याच्या चित्रांची रांग. अण्णानं फोन करून नुसतं क्लॅरिनेट ऐकवलं, मध्येच धाप लागून थांबला आणि हसला.

"तंगी, तुझ्या मशिनीनं ओळखलं बघ आमच्या मशिनीला."

"ओळखलं," नीला म्हणाली. त्या रात्री ती गाढ झोपली.

दिवाळीनंतर वहिनींच्या बोलण्यात पायाचे गोळे येऊ लागले. यंत्रावरून उठला की अण्णाच्या पोटऱ्या दगडासारख्या व्हायच्या. एकदा तो केंद्राच्या दारातच कोसळला. रक्तदाब उतरला होता. डॉक्टर म्हणाले, या आजारात असं होतंच. गंमत म्हणजे एखाद्या दिवशी काहीच व्हायचं नाही, चालत घरी यायचा.

मग तानूबाई गेली. तानूबाई कांबळे अण्णाच्या शेजारच्या खुर्चीवर असायची, मिश्री लावायची आणि क्लॅरिनेटला 'तुमची पिपाणी' म्हणायची. यंत्र चालू असतानाच तिचा दाब इतका उतरला की पुन्हा वर आलाच नाही.

"वय झालंतं," वहिनी फोनवर म्हणाल्या. पण अण्णानं फोन घेतला तेव्हा त्याचा आवाज बारीक झाला होता. "बोलता बोलता गेली गं. माझ्याकडं बघत."

नीला रजा टाकून गडहिंग्लजला आली.

केंद्र म्हणजे धर्मादाय दवाखान्यामागची एक लांबट खोली होती. चार खुर्च्या, चार यंत्रं. तंत्रज्ञ रेश्मा मुल्ला अण्णाला वजनकाट्यावर उभं करत होती.

"एकसष्ट सातशे," ती म्हणाली. "अण्णा, एकोणसाठवर आणायचंय. म्हणजे दोन लिटर सातशे काढू या." तिनं आकडा यंत्रात भरला. डायलिसिसमध्ये रक्त धुतलं जातं तसं अंगात साठलेलं पाणीही काढलं जातं, कारण मूत्रपिंडं ते काम करत नाहीत. किती काढायचं ते माणूस सांगतो, कसं काढायचं ते यंत्र ठरवतं.

नीला भावाशेजारी बसून राहिली. त्यानं तिला बँडमधल्या पोरांच्या गोष्टी सांगितल्या. तिसऱ्या तासाला तो बोलायचा थांबला. कपाळावर घाम आला, ओठ पांढरे पडले. मग त्यानं खुर्चीचा हात घट्ट धरला आणि त्याच्या तोंडून कण्हणं बाहेर पडलं. रेश्मा धावली, तिनं खुर्ची आडवी केली, पोटऱ्या रगडल्या.

सगळं आवरल्यावर त्याला पुन्हा काट्यावर उभं केलं. दोघींनी दोन बाजूंनी धरलं होतं.

"अठ्ठावन्न तीनशे," रेश्मा पुटपुटली. "बघा मॅडम, परत. मी दोनदा कळवलं. तुमच्याकडनं उत्तर आलं, वजनकाटा तपासून घ्या म्हणून. काटा नवा घेतला, तरी तेच."

एकोणसाठ व्हायला हवे होते. सातशे ग्रॅम जास्त गेले होते. भरले होते दोन लिटर सातशे आणि जास्त गेले तेही नेमके सातशेच, हे नीलाच्या डोक्यात खिळ्यासारखं बसलं.

"परवा किती भरलं होतं?"

"परवा बरोबर तीन लिटर. परवा काही त्रास झाला नाही त्यांना."

नीला खाली बसली. तिनं लॅपटॉप उघडून त्या यंत्राचे तुकडे काढले. हवा होता तो सापडायला वेळ लागला नाही. तीन ओळींचा होता.

पहिल्या ओळीत काढायच्या पाण्याला हजारानं भागलं होतं, म्हणजे एकेक लिटरच्या किती फेऱ्या करायच्या ते. दुसरीत त्या भागाकाराची बाकी काढली होती. तिसरीत सगळ्या फेऱ्या करून वर ती बाकी काढायला सांगितलं होतं. काही भाषांत पूर्ण संख्येला पूर्ण संख्येनं भागलं की उत्तरही पूर्णच येतं, अपूर्णांक गळून पडतो. तिथे सत्तावीसशे भागिले हजार म्हणजे दोन. दोन फेऱ्या आणि सातशे बाकी, हिशेब चोख. दुसऱ्या भाषांत तोच भागाकार दोन पूर्णांक सात दशांश येतो. तिथे दोन पूर्णांक सात फेऱ्यांत सगळं पाणी निघून जातं, आणि त्यावर पुन्हा सातशे काढले जातात. आकडा पुऱ्या लिटरांचा असला की बाकी शून्य, आणि चूक दिसतच नाही.

तिन्ही ओळी दोन्ही प्रकारच्या भाषांत शुद्ध होत्या. एक काना-मात्रा इकडची तिकडे नव्हती. पारखेनं दुसऱ्या प्रकारची भाषा सांगितली होती. चोपन्न टक्के विरुद्ध शेहेचाळीस. केंद्रात ते आकडे कुणाला दिसत नव्हते, दिसत होती फक्त हिरवी खूण.

तानूबाईला त्या दिवशी किती भरलं होतं, हे नीलानं विचारलं नाही. रेश्मानंच सांगितलं. "एक लिटर नऊशे."

"काय झालं गं?" खुर्चीवरून अण्णानं विचारलं. "तोंड का असं करून बसलीस?"

तिनं त्याला तिथेच, रेश्मासमोर, सगळं सांगितलं. ते उत्तर कुणी काढून टाकलं आणि का, तेही. अण्णानं मान तिच्याकडे वळवली.

"माझ्यासाठी केलंस व्हय," तो म्हणाला. त्यानं हे रागानं म्हटलं असतं तर तिला बरं वाटलं असतं.

*

"हा एक तुकडा आजच्या आज दुरुस्त कर," ईशानी फोनवर म्हणाली. "बाकीचे चुकीचे कुठले आहेत त्यांची यादी दे, तेही करू."

"ते कळत असतं तर पारखेला कळलं नसतं का? हा कळला कारण एक बाई मेली आणि माझा भाऊ काट्यावर उभा राहिला. असे हजारो तुकडे आहेत, ईशानी. आपण त्यांना हिरवी खूण दिलीय."

"पाण्यावर चालवून बघता येतील ना? माणूस न जोडता?"

"काही येतील. पण दाब एकदम उतरला किंवा रक्त गोठायला लागलं की मगच जागे होणारे तुकडे आहेत. ते पाण्यावर जागेच होत नाहीत."

मग ईशानी म्हणाली, "पुन्हा 'सांगता येत नाही' घातलं तर काय होईल, तुला माहितीय."

"माहितीय."

"तुझ्या भावाचं काय?"

नीलानं फोन ठेवला. संध्याकाळपर्यंत तिनं ते उत्तर पारखेला परत शिकवलं आणि देशभरच्या इस्पितळांना निरोप गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी गडहिंग्लजची चारही यंत्रं थांबली. त्यांच्यासारखी आणखी किती थांबली, ते टीव्हीवर सांगत होते. ती ऐकत बसली नाही.

पहिल्या वेळी केंद्र बंद पडलं होतं तेव्हा कोल्हापूरला जागा तरी होती. आता खेडोपाडीचे सगळेच तिकडे लोटले होते. अण्णाला आठवड्यातून तीनऐवजी एक पाळी मिळाली, तीही कधी चुकायची. पुण्याला तर नाव नोंदवून घ्यायलाच नकार होता. नीला प्रत्येक ओळखीच्या माणसाला फोन करत राहिली. काहींनी तिचं नाव ऐकल्यावर फोन ठेवला.

अण्णाचं अंग फुगलं. दोन पायऱ्या चढला की थांबायचा. कोल्हापूरहून येताना एकदा एसटीत उलटी झाली, एकदा शुद्ध गेली. कंडक्टरनं गाडी थांबवून त्याला रस्त्याच्या कडेला झाडाखाली निजवलं, आणि वहिनी पदरानं वारा घालत बसल्या.

मग एका दुपारी त्यांच्या अंगणात माणसं आली. केंद्रात येणारे पेशंट होते, त्यांच्या बायका, मुलं. नीलाला वाटलं, शिव्या घालायला आलेत. ती मान खाली घालून दारात उभी राहिली.

पुढे एक हडकुळी बाई होती, सुशीला नाईक. तिचा नवरा केंद्रात तिसऱ्या खुर्चीवर असायचा. "ताई," ती म्हणाली, "मशीन चालू करा तुम्ही."

"अहो, ते चुकतंय. त्यानंच तानूबाई..."

"चुकू दे की. रोज थोडंच चुकतंय? एखादवेळेस चुकंल, न्हाई तर न्हाई चुकणार. हे बंद ठेवलंय त्यात तर चुकायचं काय राहिलंच न्हाई. ह्यांचा श्वास कोंडालाय." ती एकदम खाली वाकली आणि नीलाच्या पायांना हात लावायला गेली. नीला मागे सरली.

नीलाला करता येण्यासारखं काही नव्हतं असं नाही. पारखेला डावलून, एखाद्या यंत्रातले सगळे तुकडे ओळखीचे आहेत असं स्वतःच्या सहीनं लिहून देण्याचा अधिकार तिच्याकडे अजून होता. भागाकाराचा तुकडा तिनं दुरुस्त केलेलाच होता. पाण्यावर तपासता येणारे तिनं रेश्माला घेऊन तपासले होते. राहिला होता एकच, दाब घसरल्यावर पंपाचा वेग ठरवणारा. तोही दोन भाषांत बसत होता. एका भाषेत पंप मंदावत होता, दुसरीत तो होता त्याच वेगानं चालत राहत होता; पंप मंदावला तर नळीत रक्त गोठूही शकतं, म्हणून लिहिणाऱ्याला नेमकं काय हवं होतं ते कळायला मार्ग नव्हता.

माणसं गेल्यावर ती अण्णाच्या उशाशी बसली. त्याला आता आडवं झोपता येत नव्हतं, उशांचा ढीग करून बसवलं होतं.

"मी सही करते," ती म्हणाली. "निम्मी शक्यता बरोबर असण्याची आहे. तुझा दाब उतरलाच नाही तर त्याचा प्रश्नच येत नाही. मी शेजारी बसून राहीन, हातानं पंप बंद करीन."

"आणि बाकीच्यांच्या शेजारी कोण बसणार? त्या नाईकाच्या? तीन खुर्च्या आणि आहेत."

"फक्त तुझ्यापुरतं चालू करते."

"म्हणजे त्यांनी दारात उभं राहून माझं रक्त धुताना बघायचं." त्याला धाप लागली. तो थांबला, पुन्हा बोलला. "तानूबाईनं शेवटाला माझ्याकडं बघितलं गं. तिला वाटलं असंल, ह्याची बहीण मोठी इंजिनेर, हिच्या मशिनीत काय चुकायचं. पुन्हा असं कुणाला फसवू नको."

"मग मी काय करू, अण्णा?"

"काय न्हाई करायचं."

"उद्या कोल्हापूरची पाळी आहे. गाडी ठरवलीय मी."

त्यानं नकार म्हणून फक्त हाताचा पंजा हलवला. मग डोळे मिटले. नीला दारात उभ्या असलेल्या वहिनींकडे वळली, त्यांनी काहीतरी बोलावं म्हणून. वहिनी म्हणाल्या, "आता जायचं न्हाई म्हणून मला कालच सांगितलंय त्यांनी," आणि आत निघून गेल्या.

सकाळी गाडी आली आणि रिकामी परत गेली. नीलानं ड्रायव्हरला काय सांगितलं ते तिला नंतर आठवेना. ती परत आली तेव्हा अण्णा जागा होता आणि खिडकीतून येणाऱ्या उन्हाकडे बघत होता.

"नीला," तो म्हणाला. "पाणी आण."

वहिनींनी सवयीनं औषधाची छोटी वाटी उचलली. डायलिसिसच्या माणसाला पाणी मोजून द्यायचं असतं, आत गेलेलं बाहेर निघत नाही म्हणून. तीन वर्षं तो त्या वाटीनं प्यायला होता, उन्हाळ्यात तोंडात बर्फाचा खडा धरून बसला होता.

"ती नको," अण्णा म्हणाला. "फुलपात्र भरून आण. माठातलं."

वहिनींनी वाटी खाली ठेवली. नीला माठापाशी गेली आणि तिनं फुलपात्र काठोकाठ भरलं. आणताना थोडं सांडलं. अण्णानं ते दोन्ही हातांत धरलं आणि घाई न करता, श्वास घेत घेत, सगळं प्यायला. त्याच्या हनुवटीवरून पाणी छातीवर ओघळलं, ते त्यानं पुसलं नाही.

"गार आहे," तो म्हणाला, आणि रिकामं फुलपात्र तिच्यापुढे धरलं. "आणखी दे."

तिनं ते घेतलं आणि पुन्हा माठाकडे गेली.